बाळाचा रिंगवाला स्लिंग, साडेचार महिने वापरून: कापड झकास, डब्यावरचा फोटो मात्र चूक

आधीच सांगून टाकतो, मी बाप आहे. स्लिंगचे, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घ्यायच्या कापडी पट्ट्याचे, जेवढे रिव्ह्यू मी रात्री दोन-दोन वाजता मोबाईलवर वाचले ते सगळे आयांनी लिहिलेले होते आणि त्यात 'कापड रिंगांतून घाला, ओढा, झालं' असं एका ओळीत उरकलेलं असायचं. झालं काय, कपाळ. मला ते जमायला दोन आठवडे लागले, आणि त्यातला एक दिवस असा गेला की आठवला की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

आम्ही राहतो इंदूरला, सुदामानगरात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रॅम भेट म्हणून आलेली, ती जिन्याखाली उभी आहे आणि आईने तिच्यात कांदे-बटाटे ठेवायला सुरुवात केलीये. ज्यांना प्रॅम पाहिजे त्यांनी एकदा राजवाड्यापासून शीतलामाता बाजारापर्यंतच्या गर्दीतून ती ढकलत नेऊन दाखवावी, मी पोहे-जलेबी खाऊ घालीन. शिवाय पोरगी अशी की खाली ठेवली की भोंगा आणि उचलली की गप्प, बायकोचं सिझेरियन झालेलं, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, तर एक हात कायमचा गेलेला. एका हाताने ईमेल टाइप करून करून कंटाळलो तेव्हा हा पट्टा मागवला, २,४०० रुपये, मोरपंखी रंग, मीडियम साइज.

वस्तू काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन मीटरच्या आसपास लांब हातमागाचं सुती कापड, ओढणीपेक्षा बरंच जाड, एका टोकाला अॅल्युमिनियमच्या दोन मोठ्या रिंगा शिवलेल्या. दुसरं टोक दोन्ही रिंगांतून घालायचं आणि मग एका रिंगेवरून दुसरीच्या आतून परत खाली ओढायचं, कापडी बेल्टला दोन कड्या असायच्या ना, अगदी तसं. कापड एका खांद्यावरून पाठीवर पसरतं, पुढे बाळाची जागा होते, आणि उरलेलं टोक पदरासारखं लोंबत राहतं. बकल नाही, वेल्क्रो नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. रिंगा एकसंध आहेत, जोड नाही, हे मी नखाने फिरवून फिरवून बघितलं कारण जोड असला तर वजनाने तो उघडू शकतो. शिलाईच्या तीन ओळी आहेत, अजून एक टाका सुटलेला नाही. पहिल्या धुण्यात खळ निघाली आणि कापड मऊ झालं, रंग अजिबात गेला नाही. कापडाला पैकीच्या पैकी मार्क.

आता फोटोचं. डब्यावर एक हसरी बाई, पांढरा शर्ट, आणि तिच्या पोटापाशी पट्ट्यात आडवं झोपलेलं बाळ, त्याचं फक्त टोपीचं टोक दिसतंय. आतल्या पुस्तिकेतही पहिल्या पानावर तीच पोझ, वर 'न्यूबॉर्न' लिहिलेलं. मी शहाणा, तसंच केलं. ती तेव्हा पाच आठवड्यांची, डिसेंबर महिना, मी स्वेटरमध्ये, ती टोपड्यात, बायको अंघोळीला गेलेली, माझी मीटिंग चालू. पट्ट्यात घातली आणि पाच मिनिटांत गप्प झाली, मला वाटलं वा भिया, पैसे वसूल. मग एक बारीकसा आवाज यायला लागला, कुंथल्यासारखा, थांबून थांबून. कापड बाजूला केलं तर पट्टा ढिला पडून ती खाली सरकलेली, कमरेत वाकून अर्धगोल झालेली, हनुवटी छातीला चिकटलेली आणि नाक माझ्या स्वेटरमध्ये रुतलेलं. बाहेर काढली, मान सरळ झाली, तिने एक मोठा श्वास घेतला आणि मग रडली. मी तिथेच फरशीवर बसलो. लॅपटॉपमधून कोणीतरी माझं नाव घेऊन घेऊन विचारत होतं की आवाज येतोय का.

पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांची लस होती. तोवर बायकोला सांगायची हिंमत झालेली नव्हती, डॉक्टरांसमोर सांगितलं, म्हणजे दोघांचंही एकदमच ऐकून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अहो तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, डोकं अंगाच्या मानाने जड, श्वासनळी बारीक आणि मऊ, हनुवटी छातीला टेकली की ती दुमडते, नारळपाण्याची स्ट्रॉ वाकवली की पाणी येत नाही तसं. आणि बाळ अशा वेळी ओरडत नाही, ओरडायला पण हवाच लागते. हे वाक्य मी विसरू शकत नाही कारण मी तर 'गप्प झाली' म्हणून खूश झालो होतो.

घरी येऊन शोधलं. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचं सरकारी खातं आहे, त्यांनी मार्च २०१० मध्येच याबद्दल इशारा दिलेला, त्याआधीच्या २० वर्षांत स्लिंगशी संबंध असलेले निदान १४ बाळांचे मृत्यू त्यांच्या तपासात होते, त्यातली १२ बाळं चार महिन्यांपेक्षा लहान. त्यांनी कारणं दोन सांगितली होती: एक, कापडात नाक-तोंड दाबलं जाणं, तान्हं बाळ मान वळवून सुटू शकत नाही, एक-दोन मिनिटांत श्वास कोंडू शकतो. दोन, अर्धगोल वाकून हनुवटी छातीला टेकणं. म्हणजे माझ्या डब्यावरच्या फोटोत जे दाखवलंय त्यात ही दोन्ही कारणं जवळपास तयारच ठेवलेली आहेत. तिथे नंतर स्लिंगसाठी सक्तीचे निकष आले, २०१८ पासून लागू आहेत. आणि तरी हा डबा. मी कंपनीला ईमेल केला, फोटो जोडून, सविस्तर. उत्तर आलं, 'डिअर मॅम, तुमच्या प्रेमाबद्दल आभार, कृपया फाइव्ह स्टार द्या.' नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मग लोक म्हणतील ती कंपनी सोडून दुसरी घेऊ, आणि असा आडवा फोटो दुसऱ्याही डब्यांवर बघितलाय मी.

तर मग बरोबर कसं? उभं. बाळ उभं, पोटाला पोट लावून, तुमच्या छातीवर इतकं वर की मान जराशी खाली केली की टाळूचा पापा घेता आला पाहिजे. पट्टा इतका घट्ट की तुम्ही पुढे झुकलात तरी बाळ अंगापासून सुटत नाही. तोंड कायम दिसलं पाहिजे, कापड बाजूला करून बघायला लागतंय म्हणजे चुकलं. पाठीला कापडाचा पूर्ण आधार, डॉक्टरांनी युक्ती दिली की पाठीवर हात ठेवून हलकं दाबायचं, बाळ सरळ व्हायला किंवा तुमच्याजवळ सरकायला नको, सरकलं तर पट्टा ढिला आहे. आणि हनुवटीखाली निदान एक बोट जाईल एवढी जागा. मी दर दहा मिनिटांनी बोट घालतो, बायको म्हणते कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखा मोजतोस. मोजतो. ब्रिटनमध्ये या पाच गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टिक्स' नावाचा नियम केलाय, डब्यावर ते पाच शब्द छापले असते तर मला फरशीवर बसायला लागलं नसतं. वेळेआधी झालेलं बाळ, कमी वजनाचं, किंवा सर्दीने चोंदलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच बांधा.

हे सगळं कळलं तरी मला पट्टा घट्ट करता येईना. ओढलं की एका बाजूने आवळायचं आणि दुसरी बाजू झोळीसारखी लोंबायची. आई दारात उभी राहून बघत होती. तिचं आधीपासूनच म्हणणं होतं की 'मूल काय पिशवीत घालायची वस्तू आहे का, काय करून राहिलास तू हे?' मी म्हटलं अगं तुमच्या वेळी झोळी होतीच ना, तर म्हणाली 'झोळी आढ्याला टांगायचो रे, बापाच्या गळ्यात नाही.' मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही, आली, पट्टा माझ्या हातातून घेतला, रिंगांमधला तो सगळा बोळा सोडवला आणि म्हणाली, 'अरे हे काठ बघ. दोन काठ आहेत ना? निऱ्या घाल.'

तेच! रिंगांतून कापड घालताना ते दोरखंडासारखं पिळून घालायचंच नाही, साडीच्या निऱ्यांसारखं एकेक घडी करत घालायचं, म्हणजे वरचा काठ रिंगेच्या एका टोकाला, खालचा काठ दुसऱ्या टोकाला आणि मधलं कापड पसरलेलं. मग वरचा काठ ओढला की बाळाच्या मानेजवळचा भाग आवळतो, खालचा ओढला की गुडघ्यांखालचा, मधलं ओढलं की पाठीचा. तीन वेगवेगळ्या दोऱ्याच म्हणा ना. ओढताना खाली नाही ओढायचं, रिंगेच्या दिशेने, आणि दुसऱ्या हाताने बाळाचं वजन थोडं उचलून धरायचं, नाहीतर रिंग सरकतच नाही. आईने मला पाच घड्या घालून दाखवल्या, मी केल्या, तिने मोडल्या, पुन्हा करायला लावल्या. माझ्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी निऱ्या शिकलो. पुस्तिकेत याच्यावर अर्धी ओळ आहे. पहिले आठ-दहा दिवस आम्ही पाच किलोची पिठाची पिशवी दुपट्यात गुंडाळून सराव केला, पलंगावर वाकून, म्हणजे पडली तरी गादीवर पडेल. हसू येत असेल तर येऊ द्या पण हे करा.

पायांचं पण सांगतो कारण त्यात आई आणि माझं खरं भांडण झालं. बाळ पट्ट्यात बसलं की गुडघे बुडापेक्षा वर आणि पाय फाकलेले पाहिजेत, मांड्यांखाली एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापड, बेडूक बसतो तसं. खुब्याचा सांधा पहिल्या काही महिन्यांत बराचसा मऊ हाडाचा असतो आणि असं बसलं की गोळा खोबणीत नीट बसतो. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दुपट्यात पाय सरळ करून आवळून बांधायची पद्धत, पाय वाकडे होऊ नयेत म्हणून, तर ते उलट खुब्याला वाईट. आई म्हणाली तुला पण असंच बांधलं होतं, काय वाकडं झालं? आता यावर काय बोलणार. पण गंमत अशी की आपल्याकडे बाळाला कडेवर घ्यायची जी पद्धत आहे ती खुब्यांसाठी उत्तम मानतात, पाय फाकलेले, गुडघे वर. हे सांगितल्यावर तह झाला, दुपट्यात वरचं अंग गुंडाळायचं आणि पाय मोकळे.

चुलतभावाकडून एक बकलवाला कॅरियरही आणून बघितला होता. बांधायला सोपा, दोन्ही खांद्यांवर वजन, पण मधली पट्टी इतकी अरुंद की आमचीचे पाय दोन्हीकडून लोंबत होते, सगळा भार मधेच. परत केला. रुंद बैठकीचे पण मिळतात, ते बरे असतील, मी वापरलेले नाहीत.

आता वापर. जानेवारीत रात्री सराफ्याला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, गराडू (तळलेला कंद) खायला, सगळे नातेवाईक मुंबईहून आलेले. इथे एक गोष्ट मी आधी विचारात घेतली नव्हती. सराफ्यात दोन्ही बाजूंना उकळत्या तेलाच्या कढया आणि मधे खांद्याला खांदा गर्दी, आणि माझ्या छातीवर पोरगी. दोन मिनिटांत बाहेर पडलो आणि मोकळ्या जागी उभा राहिलो, लोकांनी मला पुड्यात आणून दिलं, ते पण मी खाल्लं नाही कारण गरम गराडू तिच्या डोक्यावर पडला तर? पट्ट्यात बाळ असताना गरम चहा, गॅस, तळण, काहीच नाही. छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीत मात्र मजा आली, तिथे आत गाड्या येत नाहीत, आरामात अर्धा तास फिरलो.

स्कूटर. हे खास लिहितोय कारण आमच्या गल्लीत रोज बघतो, अॅक्टिव्हावर मागे बाई, तिच्या पोटाशी कॅरियरमध्ये बाळ, आणि घरच्यांना वाटतं बांधलंय म्हणजे सुरक्षित. नाही हो. हा पट्टा चालताना बाळाला धरून ठेवायला आहे, ब्रेक लागल्यावर किंवा पडल्यावर धरून ठेवायला नाही. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलांसाठी सेफ्टी हार्नेसचा केंद्राचा नियम आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि वर्षभराने लागू झाला, नऊ महिने ते चार वर्षं हेल्मेट, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हार्नेस वेगळी वस्तू आहे, स्लिंग वेगळी. कारमध्येही पट्ट्यात नाही, तिथे कारसीट. आम्ही पट्टा उतरल्यावर बांधतो, आधी नाही.

फेब्रुवारीत रामबागेत लग्न होतं, तिथे बायकोने वापरला. ती पाच फूट एक इंच, मी पाच दहा, मीडियम साइज मला बरोबर आणि तिच्या अंगावर पदर थेट गुडघ्याखाली, जिना उतरताना पायात आला. आता ती तो रिंगेभोवती एकदा गुंडाळून टाकते. दूध पाजायला मात्र तिला फार उपयोगी पडला, खालचा काठ थोडा सैल करून बाळ खाली घ्यायचं, पदर खांद्यावरून पुढे. पण दोन गोष्टी, पदर बाळाच्या तोंडावरून घ्यायचा नाही, आणि पिऊन झालं की बाळाला लगेच परत वर उभं करून पट्टा आवळायचा. तशीच झोपू द्यायची नाही. लग्नात एक मावशी 'झोपलीये, राहू दे ना गं' म्हणत होत्या, बायकोने ऐकलं नाही.

वजनाचं: पट्ट्यावर साडेतीन ते पंधरा किलो लिहिलंय. आमची आता साडेसहा किलोची आहे आणि मला एका खांद्यावर चाळीस मिनिटांनंतर जाणवायला लागतं, पाऊण तासाला खांदा बदलतो. पाठीवर कापड नीट पसरवलं, खांद्याच्या गोलाईवर आणलं, मानेजवळ गोळा होऊ दिलं नाही तर फरक पडतो. तासाभराच्या पुढे जाणार असाल तर हा पट्टा तुमच्यासाठी नाही. आणि वाकायचं असलं की कमरेतून नाही, गुडघ्यात बसायचं, एक हात बाळावर. मी एकदा पडलेला पेन उचलायला कमरेतून वाकलो, आईने जी किंकाळी फोडली त्यानंतर परत नाही.

उन्हाळा हा खरा प्रश्न आहे. आता मे आहे, बाहेर चाळीसच्या वर, तुमचं अंग गरम, बाळाचं गरम, मधे जाड सुती कापड, म्हणजे स्लिंग हाच एक कपडा धरायचा. आत फक्त लंगोट आणि मलमलचं झबलं. मानेच्या मागे हात लावून बघायचं, घामेजली किंवा तापली तर काढायची. आम्ही सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतरच बाहेर पडतो. थंडीत उलटी चूक लोक करतात, बाळावरून जॅकेटची चेन ओढून घेतात, तोंड आत. तेही नाही.

काकू म्हणत होत्या एवढे पैसे कशाला, एम.टी. क्लॉथ मार्केटमधून कापड आणू, शिंप्याकडून शिवून घेऊ, माझी जुनी महेश्वरी साडी आहे ती घे. कापडाबद्दल त्यांचं चूक नाही, पण महेश्वरी पातळ, निसरडी, रिंगेत धरणार नाही. आणि रिंगांसाठी शिंपी पडद्याच्या कड्या दाखवत होता, मधे जोड स्पष्ट दिसत होता. माझी हिंमत झाली नाही. तुम्ही शिवून घेणार असाल तर स्लिंगसाठीच बनवलेल्या रिंगा वेगळ्या मागवा.

अजून एक, गडद रंग घेऊ नका. आमच्या मोरपंखीचा पदर तिने चोखून चोखून टोकाला पांढरा केलाय, तो धुऊन परत वाळेपर्यंत घरात दुसरा पट्टा नाही, आणि ती तेवढा वेळ भोंगा लावून बसते. डबा आणि पुस्तिका मी फाडून टाकली, त्यामुळे समोरच्या वहिनी मागायला आल्या तेव्हा नुसता पट्टाच दिला आणि आईने तिथेच दारात त्यांच्याकडून निऱ्या घालून घेतल्या. सुदामानगरात कुणाला बघायच्या असतील तर संध्याकाळी सहानंतर या, दुपारी ती झोपते आणि आईपण.